पंजा लढवू या, पण हात राखून
बचावाचा पवित्रा, त्यासाठी लागणारी ताकद आणि हाडाची काळजी



एप्रिल लागला की वस्तीवस्तीत जयंतीची तयारी सुरू होते. व्याख्यान, वक्तृत्व, रक्तदान यांच्या जोडीला काही मंडळे पंजा लढवण्याची स्पर्धाही ठेवतात. मैदान लागत नाही, खर्च नाही. एक टेबल आणि दोन माणसे असली की झाले. आता तर हा खेळ वस्तीच्या कट्ट्यावरून मोठ्या स्टेडियममध्ये गेला आहे. २०२३ साली दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात मुंबईच्या नावाचा संघ होता, महिलांच्या लढती होत्या आणि दिव्यांग खेळाडूंच्याही होत्या. आपल्या मुलामुलींना या खेळाची ओढ वाटते, ती चांगलीच गोष्ट आहे.

पण या खेळात दंडाचे हाड मोडते. पडल्याने नाही, मार लागल्याने नाही, टेबलाशी उभ्या उभ्या मोडते. तेही बहुतेक वेळा तरण्याताठ्या, दणकट माणसाचे. आपल्या घरांत हात म्हणजे रोजी. नाक्यावर उभा राहणारा, हमाली करणारा, रिक्षा चालवणारा, धुणीभांडी करणारी किंवा सफाईचे काम करणारी, यांपैकी कोणाचाही हात तीन महिने झोळीत गेला तर चूल कशी पेटायची? म्हणून या महिन्याचा पाठ आम्ही पंजाच्या बचावावर घेतला आहे. चढाई कशी करायची हे पोरे एकमेकांकडून शिकतात. बचाव कोणी शिकवत नाही, आणि हात मोडतो तो बचाव ठाऊक नसल्यामुळेच.

हाड का मोडते?

खांद्यापासून कोपरापर्यंत दंडात एकच लांब हाड असते. पंजा लढवताना कोपर टेबलावर टेकलेले आणि काटकोनात वाकलेले असते. त्यामुळे कोपराखालचा हात विहिरीच्या रहाटाच्या दांड्यासारखा काम करतो. समोरचा माणूस तो दांडा बाहेर ढकलतो, म्हणजे दंडाचे हाड बाहेरच्या बाजूला पिळले जाते. आपले छातीचे आणि खांद्याचे स्नायू त्याच हाडाला आतल्या बाजूला पिळतात. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून उलट दिशांना पिळावी, तसे हे हाड मध्ये सापडते. हाड दाब पुष्कळ सोसते, पीळ मात्र फारसा सोसत नाही. ते कोपराच्या थोडे वर, दंडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, तिरकस वेटोळे घेत मोडते.

याच हाडाला पाठीमागून चिकटून एक मोठी नस खाली जाते. मनगट आणि बोटे वर उचलण्याचे काम ती करते. हाड मोडताना ती ताणली किंवा चेंगरली गेली तर मनगट लुळे पडते आणि हात पुढे लोंबकळतो.

धोक्याचा क्षण ओळखायला सोपा आहे. हात हरण्याच्या बाजूला कललेला असतो आणि खेळाडू जिद्दीने तोंड फिरवून, खांदा पुढे टाकून, अख्ख्या अंगाचा हिसडा देतो. अंग एकीकडे जाते, पंजा मागे राहतो आणि हाड मध्ये पिळवटते. जिंकत असलेल्याचेही असेच होऊ शकते. हात अजून उभाच असताना त्याने खांदा पंजाच्या पुढे झोकून दिला तर त्याचेही हाड त्याच पिळात सापडते.

बचावाचे चार नियम

पहिला नियम : नाक पंजाकडे. पूर्ण लढतीत आपली नजर आपल्या पंजावर राहिली पाहिजे. नजर पंजावर असली की छाती आपोआप तिकडे वळते. मग पंजा, कोपर आणि खांदा एका रेषेत राहतात आणि जोर एकट्या हाडावर न येता पाठ, छाती आणि पाय वाटून घेतात. हात खाली जाऊ लागला तर अंगही त्याच बाजूला वळवा, पंजाच्या मागे न्या. तोंड फिरवून ओढू नका.

दुसरा नियम : कोन राखा. कोपराचा कोन काटकोन किंवा त्याहून थोडा मिटलेला ठेवा. पंजा आपल्या छातीजवळ असेल तेवढी आपली ताकद टिकते. कोन उघडला आणि पंजा लांब गेला की दांडा लांबतो आणि तोच जोर दुप्पट वाटतो. समोरचा नेहमी आपला पंजा त्याच्याकडे ओढायला बघतो, ते याचसाठी.

तिसरा नियम : पाय आणि पोट कामाला लावा. उजव्या हाताने लढताना उजवा पाय पुढे, टेबलाखाली. पोट टेबलाच्या कडेजवळ. मोकळा हात टेबलाच्या खुंटीवर किंवा कडेवर घट्ट. खुर्चीवर बसून, अंग लांब ठेवून फक्त हाताने लढणे सर्वांत धोक्याचे.

चौथा नियम : सोडून देता आले पाहिजे. खांदा पंजाच्या पुढे गेला आहे, पंजा दिसत नाही, दंडात पीळ जाणवतो आहे, यांपैकी काहीही झाले तर हात ढिला सोडा आणि हार माना. पुढच्या रविवारी पुन्हा लढता येते.

तीन हल्ले आणि त्यांचे बचाव

एक, वरून उलटवणे. समोरचा आपल्या बोटांकडे सरकत वर चढतो, आपला पंजा त्याच्याकडे ओढतो आणि आपला तळवा आभाळाकडे उलटवतो. बोटे उघडली की मनगट मागे पडते आणि मग दंडात कितीही जोर असला तरी तो पंजापर्यंत पोहोचत नाही. बचाव असा : सुरुवातीलाच अंगठ्याची बाजू वर चढलेली ठेवा, हातोडा उचलताना मनगट चढते तशी. तांब्यातले पाणी डावीकडे ओतताना उजवा हात जसा वळतो, तसा तळवा वळता ठेवा. आणि जोर बाजूला न लावता स्वतःच्या नाकाकडे ओढा. सरळ मागे ओढल्याने त्याचे चढणे थांबते.

दोन, आकडा. समोरचा मनगट आत मुडपतो, आपला पंजाही आत ओढून घेतो आणि दोन्ही हात आकड्यासारखे अडकतात. इथे आपले मनगट सरळ पडले की खेळ संपला. बचाव असा : मनगट आत मुडपून घट्ट, पंजा छातीजवळ, कोपराचा कोन मिटलेला. छाती पंजाच्या वर आणा. या पवित्र्यात दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि कोपराच्या आतल्या बाजूवर फार ताण येतो. नवख्याने इथे जास्तीत जास्त पाच-सात सेकंद धरावे, त्यापलीकडे ओढत बसू नये.

तीन, खांद्याचा दाब. समोरचा खांदा पंजामागे आणून अंगाच्या वजनाने सरळ दाबतो. हाच प्रसंग हाड मोडण्याच्या सर्वांत जवळचा. बाजूने उलटा जोर लावत बसू नका, कारण त्यानेच पीळ वाढतो. दाबाला आडवे जाण्याऐवजी मागे ओढा, म्हणजे त्याचा पंजा त्याच्या खांद्यापासून सुटतो. एक पाऊल सरकवून छाती पंजाकडे वळवा. हात अर्ध्याच्या खाली गेला आणि छाती वळत नसेल तर सोडा.

मोठ्या स्पर्धांत काही खेळाडू अंग टेबलाखाली झुकवून, हात लांब सोडून, मनगटावर लटकून राहतात. व्हिडिओ पाहून मुले त्याची नक्कल करतात. त्या पवित्र्यात सगळा भार कोपराच्या आणि मनगटाच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांवर येतो. वर्षानुवर्षे सराव केलेल्यांची ती गोष्ट आहे. आपल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये.

ताकद कशी कमवायची?

बचावात हात फार हलत नाही, तो जागच्या जागी धरून ठेवायचा असतो. त्यामुळे सरावही धरून ठेवण्याचा हवा. शिवाय ज्या कोनात आपण धरून ठेवतो, त्या कोनाच्या आसपासच ताकद जास्त वाढते. म्हणून पंजाच्या कोनातच सराव करायचा. जिमची गरज नाही. बादली, टॉवेल, हातोडा, सायकलची जुनी ट्यूब आणि कापडी पिशवी एवढे पुरे.

आधी दहा मिनिटे अंग गरम करा : जागेवर चालणे, खांदे गोल फिरवणे, मनगटे फिरवणे, मुठी उघडणे-मिटणे.

१. बादलीची पकड. बादलीच्या कडीला फडके जाड गुंडाळा. अर्धी बादली पाणी घेऊन हात सरळ खाली सोडून २० सेकंद धरा. तीन वेळा.

२. मनगट धरणे. कोपराखालचा हात टेबलावर, तळवा वर, पंजा कडेबाहेर. दोन किलोची पिशवी बोटांत धरून मनगट आत मुडपा आणि १० सेकंद थांबा. पाच वेळा. एक लिटरची पाण्याची बाटली साधारण एक किलोची भरते, त्यावरून वजनाचा अंदाज घ्या.

३. अंगठा चढवणे. हातोडा दांड्याच्या टोकाला धरा, हात अंगालगत सरळ, हातोड्याचे डोके पुढे. फक्त मनगटाने डोके वर उचला, सावकाश खाली न्या. दहा वेळा.

४. तळवा वळवणे. कोपराखालचा हात टेबलावर, हातोडा उभा. तो सावकाश बाहेरच्या बाजूला कलू द्या, पुन्हा उभा करा. दहा वेळा. वरून उलटवण्याच्या हल्ल्याला हाच व्यायाम उत्तर देतो.

५. कोन धरणे. कोपर टेबलावर, काटकोनात. मुठीत टॉवेल. समोर बसलेला जोडीदार टॉवेल हळूहळू ओढतो, आपण कोन उघडू द्यायचा नाही. १० सेकंद, पाच वेळा. हिसका नको.

६. खांद्याची आतली-बाहेरची फिरकी. ट्यूब खिडकीच्या मजबूत गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. कोपर अंगाला चिकटवा, मध्ये घडी केलेला टॉवेल. ट्यूब पोटाकडे ओढा आणि चार अंक मोजत सावकाश सोडा. दहा वेळा. मग उलट बाजूला उभे राहून तीच ट्यूब बाहेर ओढा, दहा वेळा. हाडावर पीळ येतो तो याच स्नायूंच्या जोराने, म्हणून सावकाश सोडण्याचे शिक्षण त्यांना हवेच.

७. पाठ. कमरेत वाकून, एक हात स्टुलावर टेकवून, दुसऱ्या हाताने पाण्याचा कॅन कमरेकडे ओढा. दहा वेळा, दोन्ही हातांनी.

८. बोटे उघडणे. पाचही बोटांभोवती रबर लावून बोटे फाकवा. वीस वेळा. सारखी पकड करणाऱ्या हाताला उलट बाजूचा व्यायाम मिळाला नाही तर कोपर दुखायला लागते.

डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी करा. जोर किती? पूर्ण ताकद दहा धरली तर पहिला महिना सहाच्या वर जाऊ नका.

बारा आठवड्यांचा बेत

पहिले चार आठवडे फक्त वरचे व्यायाम, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवस विश्रांती. हमालीसारखे काम असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी करा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात एक दिवस जोडीदाराबरोबर टेबल. जोडीदार हळू दाब वाढवतो, आपण पवित्रा धरतो, आठ सेकंदांनी दोघेही सोडतो. प्रथम हात उभा असताना, मग वीतभर हरण्याच्या बाजूला कललेला असताना. दोघांपैकी कोणीही ‘बस’ म्हटले की त्याच क्षणी सोडायचे. कोणी जिंकायचे नाही, कोणाला पाडायचे नाही.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात जोर आठपर्यंत न्या. खऱ्या लढती आठवड्यातून एकदाच, पाच-सहाच्या वर नको.

इतके सावकाश का, असे पोरे विचारतील. स्नायू काही आठवड्यांत फुगतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. दंड फुगलेला पाहून माणसाला वाटते आपण तयार झालो, आणि कंडरा मागेच राहिलेली असते. तथागतांनी सोण या भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालत राहणाऱ्या त्या भिक्खूला त्यांनी समजावले की तार फार ताणली तरी नीट वाजत नाही आणि ढिली सोडली तरी वाजत नाही. शरीराच्या तारांनाही तोच न्याय लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला टोचत असेल तर तो आठवडा विश्रांती.

खाण्यात डाळ, चणे, शेंगदाणे, अंडी, नाचणी आणि परवडेल तशी सुकट असू द्या. ओळखीच्या जिमवाल्याने दिलेली इंजेक्शने आणि नाव नसलेल्या पावडरी घेऊ नका. आणि दारू पिऊन पंजा कधीच नको. नशेत पीळ जाणवत नाही आणि सोडून देण्याची बुद्धीही राहत नाही. पाचवे शील इथे हाडालाही राखते.

कोणी जोर लावून खेळू नये?

अठरा वर्षांखालील मुलामुलींनी स्पर्धेचा जोर लावू नये. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची गाठ पूर्ण जुळलेली नसते. स्नायूच्या ओढीने ती उखडू शकते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत ही इजा दिसते. त्यांना हलके व्यायाम आणि पवित्रा शिकवा, लढती नकोत. ज्यांचा हात पूर्वी मोडला आहे, ज्यांच्या हाताला मुंग्या येतात, ज्यांना हाडे ठिसूळ असल्याचे सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. मुली आणि बायकांना वेगळा नियम नाही. व्यायाम तेच आणि काळजीही तीच.

‘कट्’ आवाज आला तर

लढतीत मोठा आवाज झाला आणि हात गळून पडला तर हाड मोडले असेच धरा.

हात ओढून सरळ करू नका. तेल लावून चोळू नका. अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढल्यावर निघत नाही. ओढणीची किंवा उपरण्याची झोळी करा, आणि दुसऱ्या फडक्याने दंड छातीला हळुवार बांधा. बोटांचा रंग आणि ऊब पाहा. मनगट वर उचल, अंगठा वर कर, असे सांगून पाहा. उचलत नसेल तर ते लक्षात ठेवा आणि केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऑपरेशन लागू शकते, म्हणून डॉक्टर तपासेपर्यंत खायला देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. बोटे निळी, गार पडत असतील तर एक मिनिटही घालवू नका.

हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका, ही आमची हात जोडून विनंती. कमी पैशांत काम होते म्हणून लोक जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्याने रक्त थांबून हात कायमचा जाऊ शकतो. खर्चाची भीती असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आपले उपचार योजनेत बसतात का हे त्याला विचारा.

हे हाड पुष्कळदा ऑपरेशनशिवाय, पट्ट्यात धरून ठेवून जुळते. साधारण दोन ते तीन महिने लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते. लुळे पडलेले मनगटही बहुतेकांचे काही महिन्यांत परत उचलते, मात्र फिजिओथेरपी चुकवायची नाही. घाबरून जाऊ नका आणि अर्ध्यात उपचारही सोडू नका.

मंडळांनी पाळायचे नियम

लढत उभ्याने ठेवा. टेबल साधारण ४० इंच उंच, न डगमगणारे, कोपराखाली गादी. वजनगट करा. पंचाने दोघांचे पंजे, मनगटे सरळ लावून द्यावीत, तेव्हाच सुरुवात. कोपर गादीवरून उचलले की चूक, दोन चुकांवर हार. खांदा पंजाच्या पुढे गेला किंवा तोंड फिरले की पंचाने मोठ्याने इशारा द्यावा, न ऐकल्यास लढत थांबवावी. प्रेक्षकांनी ‘सोडू नको, मर्द हो’ असे ओरडून चेव आणू नये. पैशांची पैज बंद. ज्याच्या डोक्यावर पाचशे रुपयांची पैज आहे, तो वेळेवर हात सोडत नाही. पंचाजवळ झोळीची दोन फडकी आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर असावा.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर चर्चेसाठी

१. हात हरण्याच्या बाजूला कलला असताना तोंड फिरवले तर दंडाच्या हाडावर काय होते? ओली चादर पिळून दाखवा.
२. वरून उलटवणे आणि आकडा, या दोन्हींच्या बचावात मनगट कसे वेगळे ठेवायचे?
३. स्नायू आणि कंडरा यांपैकी कोण उशिरा बळकट होते? म्हणून सरावात काय पाळायचे?
४. आपल्या मंडळाच्या स्पर्धेत पंच कोण, आणि लढत थांबवण्याचा त्याचा अधिकार सगळे मानतील का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर जयंतीच्या आधी ठरवा. मंडळाच्या बैठकीत ते लिहून, वाचून, सगळ्यांच्या सह्या घ्या. तेवढे केले तरी यंदा वस्तीतल्या एखाद्या घरची रोजी वाचेल.

नमो बुद्धाय, जयभीम!